जंत पोटात तयार होत नाहीत

मूल झोपेत करकर दात खाऊ लागलं, गालावर फिकट चट्टे दिसले, किंवा ताटातली भाजी-पोळी सोडून नुसता गूळ मागू लागलं, की घरातली जाणती बाई निदान करून मोकळी होते: पोटात जंत झालेत. लगेच गोड बंद. वावडिंगाचं पाणी सुरू होतं, ओव्याची चिमूट दिली जाते (आणि ती गुळातून दिली जाते, याकडे कुणाचं लक्ष जात नाही). खरं तर दात खाण्याची कारणं वेगळी असतात, गालावरचे चट्टे बहुतेक वेळा कोरड्या त्वचेचे असतात, आणि साखरेचा तर जंतांशी काहीच संबंध नाही. पेढे खाऊन कुणाला जंत झालेले नाहीत. पेढा उचलणारा हात मात्र बघायला हवा.

जंत पोटात आपोआप उपजतात ही कल्पना केवळ आपल्याकडेच होती असं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातही तसं मानणारे विद्वान होते. माणसाच्या आतड्यात सापडणारा जंत बाहेर मातीत किंवा पाण्यात कुठेच दिसत नाही, तेव्हा तो आतच तयार होत असणार, असा त्यांचा तर्क. तर्क वाईट नव्हता. बाहेर तो जंत अंड्याच्या किंवा अळीच्या रूपात, कधी गोगलगाईच्या अंगात लपलेला असतो, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

आतड्यातले बहुतेक जंत आपल्या पोटात अंडी घालतात, पण त्या अंड्यांतून तिथल्या तिथे नवे जंत वाढत नाहीत. अंडी शौचावाटे बाहेर पडावी लागतात, मातीत काही काळ राहावी लागतात, आणि मगच ती किंवा त्यांतून निघालेली अळी पुन्हा कुणाच्या तरी शरीरात शिरू शकते. याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच. पण मोठ्या गोल जंतांपुरता हिशेब अगदी सरळ आहे. एखाद्या मुलाच्या पोटात २० जंत असतील, तर निदान २० अंडी बाहेरून त्याच्या तोंडात गेलेली आहेत. म्हणून जंतांकडे नुसता पोटाचा आजार म्हणून पाहणं अपुरं पडतं. कुणाच्या तरी विष्ठेपासून आपल्या तोंडापर्यंत किंवा पायापर्यंत एक वाट उघडी आहे, असा त्याचा अर्थ असतो. गोळी पोट साफ करते. वाट तशीच राहते.

आपण ज्याला सर्रास जंत म्हणतो तो हा गोलकृमी. मादी २० ते ३५ सेंटिमीटर लांब, फिकट गुलाबी, आणि दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालणारी. ताजं अंडं गिळलं तर काही होत नाही; ते ओलसर, सावलीच्या मातीत दोन-चार आठवडे मुरावं लागतं, तेव्हा आत अळी तयार होते. अंड्याचं कवच मात्र विलक्षण चिवट. पाण्यात नेहमी घालतो तेवढ्या क्लोरीनला ते दाद देत नाही आणि मातीत ते वर्षानुवर्षं तग धरू शकतं. त्याचा बाहेरचा थर चिकट असतो, त्यामुळे नखांत, पालेभाजीच्या देठांत, गाजर-मुळ्याच्या खाचांत ते बसून राहतं. उष्णतेपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. पाणी उकळलं, भाजी शिजवली की ते मरतं.

गिळलेल्या अंड्यातून आतड्यात अळी बाहेर येते, पण ती तिथे थांबत नाही. आतड्याची भिंत भेदून ती रक्तात शिरते, यकृतातून फुफ्फुसात पोचते, तिथून श्वासनलिकेने वर घशाशी येते, आणि आपण खोकून आवंढा गिळला की पुन्हा पोटात उतरते. मग कुठे ती आतड्यात मुक्काम ठोकते. एवढा वळसा कशासाठी, असा प्रश्न कुणालाही पडेल. १९२२ साली शिमेसु कोइनो नावाच्या जपानी डॉक्टरने तो स्वतःच्या शरीरात तपासून पाहिला. त्याने गोलकृमीची २,००० अंडी गिळली. काही दिवसांतच त्याला न्यूमोनियासारखा त्रास सुरू झाला आणि त्याच्या थुंकीत अळ्या सापडल्या. जंत असलेल्या मुलाला कधीकधी आधी खोकला का येतो, याचा उलगडा असा झाला. असला प्रयोग आज कुठलीही नीतिसमिती मंजूर करणार नाही, आणि ते बरंच आहे.

दोन-चार जंत असले तर बहुतेकांना पत्ताही लागत नाही. संख्या वाढली की पोट दुखतं, भूक जाते, अन्न नीट पचत नाही, मुलाची वाढ खुंटते. फार झाले तर जंतांचा गुंता होऊन आतडं अडतं किंवा एखादा पित्तनलिकेत घुसतो, आणि प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जातं. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की गावातले जंत गावात सारखे वाटलेले नसतात. थोड्या लोकांच्या पोटात पुष्कळ आणि बाकीच्यांच्या पोटात अगदी कमी, असा प्रकार असतो. त्या थोड्यांत मुलंच जास्त, कारण ती मातीत खेळतात आणि बोटं तोंडात घालतात.

आता अंकुशकृमी. अंकुशकृमीचं प्रकरण वेगळं आहे, कारण त्याला तोंडातून यावंच लागत नाही. ही गोष्ट आर्थर लूस या जर्मन संशोधकाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरोमध्ये अपघातानेच कळली. प्राण्यांना अळ्या पाजण्याचा प्रयोग करत असताना अळ्यांच्या पाण्याचा थेंब त्याच्या हातावर सांडला. जागा लाल झाली, खाज सुटली आणि काही वेळाने पाहिलं तर हातावर अळ्या उरल्याच नव्हत्या. पुढे दोन-तीन महिन्यांनी त्याच्याच शौचात अंकुशकृमीची अंडी दिसली. सहकाऱ्यांनी सहजासहजी विश्वास ठेवला नाही, तेव्हा त्याने ज्याचा पाय कापायचाच होता अशा एका मुलाच्या पायावर शस्त्रक्रियेपूर्वी तासभर अळ्या ठेवल्या. कापलेल्या पायाच्या त्वचेत त्या सापडल्या.

त्याआधी काही वर्षं युरोपातले डॉक्टर स्वित्झर्लंडमधल्या सेंट गोटहार्डच्या बोगद्यापाशी चक्रावलेले होते. १८७२ ते १८८२ या काळात आल्प्समधून १५ किलोमीटरचा रेल्वे बोगदा खणला जात होता, आणि मजूर पांढरेफटक पडून, धापा टाकत कोसळत होते. कोंदट हवा, अपुरं अन्न अशी कारणं दिली गेली. १८८० मध्ये त्यांच्या आतड्यात अंकुशकृमी सापडले. बोगद्यात ऊब होती, ओल होती, शौचाला वेगळी जागा नव्हती. बाहेर बर्फ पडत असताना आत उष्ण कटिबंधातला रोग सुखाने नांदत होता.

हा कृमी जेमतेम एक सेंटिमीटरचा. तो आतड्याला तोंडाने घट्ट धरून रक्त पितो. त्याच्या दोन मुख्य जाती आहेत. त्यांतली मोठी जात दिवसाला एका कृमीमागे साधारण ०.२ मिलिलिटर रक्त घेते, दुसरी त्याहून पुष्कळ कमी. पहिल्या जातीचे १०० कृमी धरले तर दिवसाला २० मिलिलिटर, महिन्याला ६०० होतात. रक्तदान शिबिरात एका वेळी ३५० मिलिलिटर रक्त घेतात, आणि तेही धडधाकट माणसाचं, वर बिस्किटं देऊन. इथे तर आधीच हिमोग्लोबिन कमी असलेली, दर महिन्याला पाळीत रक्त जाणारी, ओल्या बांधावर अनवाणी राबणारी बाई असते. ‘हल्ली दम लागतो, अंगात त्राण नाही’ अशी तिची तक्रार लोहाच्या गोळ्या देऊन संपत नाही, याचं एक कारण इथे असू शकतं. गळणारी टाकी वरून भरत राहण्यात अर्थ नाही.

अळीला सावली, ओल आणि भुसभुशीत माती लागते. कोरड्या, उन्हात तापलेल्या जमिनीत ती टिकत नाही. आपल्याकडे पावसाळी भागात आडोसा बघून बसायच्या ज्या जागा असतात, बांधाच्या कडेची झुडपं, आमराई, ओढ्याचा काठ, त्या नेमक्या तिला मानवणाऱ्या असतात. माणसं रोज त्याच जागी अनवाणी जातात. साधी चप्पल पुष्कळ काम करते, पण चिखलात लावणी करताना चप्पल कुठे टिकते? तिथे गमबूट लागतात, आणि ते विकत घेणं हा मजूर बाईच्या हिशेबातला शेवटचा खर्च असतो. म्हणून उपाय पुन्हा शौचाच्या जागेपाशीच येतो.

आता गोळीबद्दल. दरवर्षी १० फेब्रुवारीला शाळांत आणि अंगणवाड्यांत राष्ट्रीय जंतनाशक दिन होतो, बऱ्याच ठिकाणी ऑगस्टमध्येही एक फेरी होते. २०१५ पासून हा कार्यक्रम चालू आहे. १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात. १ ते २ वर्षांच्या बाळांना अर्धी, तीही चुरा करून पाण्यातून. जंताला साखर शोषता येत नाही असं हे औषध करतं, आणि तो उपाशी मरतो. पोटात जंत जास्त असतील त्या मुलांना थोडी मळमळ, पोटदुखी, एखादी उलटी होते. एका शाळेत चार मुलांना तसं झालं की व्हॉट्सअ‍ॅपवर ‘विषबाधा’ पसरते आणि पुढच्या वर्षी पालक मुलं घरी ठेवतात. घाबरण्यासारखं त्यात बहुधा काही नसतं. फक्त आजारी मुलाला, किंवा आधीच दुसरी औषधं चालू असलेल्या मुलाला, त्या दिवशी गोळी देऊ नये, नंतर डॉक्टरांना विचारून द्यावी. गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांत ती घेऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मातीतून पसरणारे जंत जगात सुमारे १५० कोटी लोकांच्या पोटात आहेत. एवढ्यांची तपासणी करत बसण्यापेक्षा सगळ्यांनाच स्वस्त, सुरक्षित गोळी द्यावी, हा या मोहिमेमागचा विचार. पण तिचा फायदा किती, यावर तज्ज्ञांत चांगलीच जुंपलेली आहे. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर या अर्थतज्ज्ञांनी केनियातल्या शाळांत केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळ्या दिलेल्या शाळांत मुलांची गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली होती, असं त्यांनी मांडलं. क्रेमर यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. उलट, जगभरच्या अभ्यासांची एकत्र छाननी करणाऱ्या कोक्रेन गटाला सरसकट गोळ्या वाटल्याने मुलांचं सरासरी वजन, हिमोग्लोबिन किंवा शाळेतली हजेरी फारशी बदलते असं दिसलं नाही. २०१५ मध्ये केनियाच्या आकडेवारीची फेरमांडणी झाली आणि वाद अधिकच पेटला. मला या भांडणात एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. केनियात गोळी न घेतलेल्या, शेजारच्या मुलांनाही फायदा झाल्याचं मिगेल आणि क्रेमर यांनी म्हटलं होतं. मातीत अंडी कमी पडली, म्हणून. गोळीचा खरा उपयोग असा मातीपर्यंत पोचला तरच टिकाऊ. नाहीतर काही महिन्यांत पोट पुन्हा पहिल्यासारखं होतं. चाबूककृमी नावाच्या जंतावर तर एका गोळीचा धड परिणामही होत नाही.

गोळी द्यावी, जरूर द्यावी. पण फेब्रुवारीतल्या फोटोनंतर काम संपलं असं समजणाऱ्यांनी जपानकडे पाहावं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात जंत होते, कारण भाजीच्या मळ्यांना सोनखत घालायची जुनी रीत होती. शाळाशाळांतून शौचाची नियमित तपासणी, ज्यांना जंत आहेत त्यांना औषध, आणि त्याच वेळी सोनखताची जागा घेणारी रासायनिक खतं आणि सुधारलेले संडास, असं सगळं एकत्र झालं. पुढच्या तीनेक दशकांत गोलकृमी तिथून जवळजवळ नाहीसा झाला.

अपवादांपैकी एक घरोघरी असतो: सुतासारखे बारीक, पांढरे कृमी. मादी रात्री गुदद्वारापाशी येऊन अंडी घालते, मूल झोपेत खाजवतं, आणि सकाळी तेच बोट तोंडात जातं. इथे अंड्यांना मातीत मुरावं लागत नाही, काही तासांत ती तयार होतात. त्यामुळे हा जंत एका मुलापासून त्यालाच पुन्हा होतो आणि घरभर पसरतो. सगळ्या घराने एकाच दिवशी औषध घ्यायचं, दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं, नखं कापायची, सकाळी उठल्याबरोबर अंघोळ घालायची, चादरी गरम पाण्यात धुवायच्या. हा गंभीर रोग नाही, फक्त चिकाटीचा आहे.

याउलट फीतकृमीबद्दल लोक फारच निर्धास्त असतात, विशेषतः शाकाहारी. डुकराच्या नीट न शिजलेल्या मांसातून येणारा हा कृमी काही मीटर लांब वाढतो. तो पोटात असलेल्या माणसाला त्रास थोडाच होतो. पण त्याच्या शौचातून जी अंडी बाहेर पडतात, ती दुसऱ्या कुणाच्या पोटात गेली, तर अळ्या रक्तातून स्नायूंत, डोळ्यात, मेंदूत जाऊन बसतात आणि तिथे पाण्याचे लहान फोड तयार होतात. मेंदूतल्या फोडाने फिट येते. अंडी येतात ती न धुतलेल्या कोथिंबिरीतून, कोबीच्या पानांतून, स्वयंपाक करणाऱ्याच्या हातांतून. म्हणजे जन्मात मांसाला न शिवलेल्या माणसालाही हे होऊ शकतं, आणि होतं. भारतात मोठ्या वयात पहिल्यांदा फिट आली की मेंदूच्या स्कॅनमध्ये डॉक्टर हा फोड आवर्जून शोधतात.

ब्रिटिश सैन्याला हे फार महागात पडलं होतं. भारतात नोकरी करून मायदेशी परतलेल्या सैनिकांना काही वर्षांनी झटके येऊ लागत. आधी त्यांना वेडाच्या किंवा अपस्माराच्या खात्यात टाकलं जाई. पुढे अशा ४५० रुग्णांचा अभ्यास डिक्सन आणि लिप्सकोम यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. जंत पोटात गेल्यापासून झटका येईपर्यंत अनेकदा पाच-पाच वर्षं गेलेली होती. आपल्याकडे फिट आलेल्या माणसाला आजही कांदा किंवा चप्पल हुंगवतात. चप्पल नाकापेक्षा पायात बरी, हे अंकुशकृमीच्या संदर्भात आलंच आहे. फिट आलेल्याला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, आणि नंतर मेंदूच्या डॉक्टरकडे न्यावं. मेंदूत फोड असल्याची शंका असेल तर जंताची गोळी दुकानातून आणून मुळीच देऊ नये. फोड मरताना मेंदूला सूज येते, म्हणून डॉक्टर सूज आवरणारी औषधं बरोबर देतात.

पान-भाजीला धुण्याचं एकच सूत्र आहे: वाहत्या पाण्याखाली, पान सुटं करून, देठ कापून. मीठ-पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्याने अंडी मरत नाहीत. घासल्याने आणि धुतल्याने ती निघून जातात. मुंबईत रेल्वे रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पालक-मुळा पिकतो, हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे तो खातात. तो शिजवून खावा. कोशिंबिरीत नको.

पोटात न राहणाऱ्या जंतांपैकी महाराष्ट्राने दोन भोगले. एक अजून आहे, हत्तीरोगाचा. विदर्भात तो जास्त दिसतो. हा जंत शरीरातल्या लसवाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतो, त्याची पिल्लं रात्री रक्तात येतात, आणि रात्री चावणारा क्यूलेक्स डास ती उचलतो. म्हणून या रोगाची रक्ततपासणी रात्री करतात, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना लोकांची झोपमोड करून बोटाला टोचावं लागतं. रक्तातली ही पिल्लं टिमोथी लुईस यांनी १८७२ मध्ये कलकत्त्यात पाहिली. पाच वर्षांनी चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांना ती डासाच्या पोटात वाढताना दिसली. पण डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन रोग होतो, असं मॅन्सन यांना वाटलं. डासाच्या दंशातूनच अळी शिरते, हे १९०० च्या सुमारास सिद्ध झालं.

हा डास स्वच्छ पाण्यात रमत नाही. तुंबलेली गटारं, सेप्टिक टँक, संडासाचा व्हेंट पाइप ही त्याची घरं. व्हेंट पाइपच्या तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधा, असं आरोग्य कर्मचारी दारोदार सांगत फिरतात. ऐकणारे थोडे, आणि खर्च तर काहीच नाही. वर्षातून एकदा होणाऱ्या सामुदायिक औषधोपचार मोहिमेत गोळ्या समोर गिळायला लावतात, कारण हातात दिलेल्या गोळ्या खिडकीबाहेर जातात. डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन या तीन औषधांचा एकत्र वापर देशात सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत झाला, त्यांत नागपूर होतं. आयव्हरमेक्टिनचं मूळ जपानमध्ये गोल्फ मैदानाजवळून आणलेल्या मातीतल्या एका सूक्ष्म जिवात आहे; ती माती गोळा करणारे सातोशी ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं. एकदा सुजलेला पाय गोळीने पूर्ववत होत नाही. पण तो रोज साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडा करून, जखमा होऊ न देता सांभाळला, तर वारंवार येणारा ताप आणि सूज पुष्कळ आटोक्यात राहते.

दुसरा नारू. तो गेला.

चाळिशीच्या आतल्यांना नारू ऐकूनच माहीत असेल. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा, नजरेला जेमतेम दिसणारा जीव असतो. त्याच्या पोटात नारूची अळी. पाण्याबरोबर तो गिळला जातो. सुमारे वर्षभर काही कळत नाही. मग पायावर फोड येतो, आगीसारखा जळतो, फुटतो, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्याचं टोक दिसतं. तो दोरा म्हणजे ८० सेंटिमीटरपासून मीटरभर लांबीची मादी. ती काडीवर गुंडाळत रोज थोडी थोडी ओढून काढायची. मध्येच तुटली तर पाय सडण्याची वेळ. हे नेमकं शेतीच्या कामांच्या दिवसांत व्हायचं आणि माणूस महिना-दोन महिने खाटेवर पडायचा. जळजळ शमवायला तो पाय पाण्यात बुडवायचा; पाणी लागताच मादी लाखो अळ्या सोडायची. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून लोक पाणी भरत, तेव्हा एकाच्या पायातून निघालेल्या अळ्या सगळ्या गावाच्या हंड्यात जात.

नारूवर औषध नव्हतं, आजही नाही. लसही नाही. भारताने १९८३-८४ मध्ये मोहीम हाती घेतली तेव्हा देशात सुमारे ४० हजार रुग्ण होते, राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र या राज्यांत पसरलेले. केलं काय, तर गावोगाव रुग्ण शोधले, रुग्णाला पाण्यात उतरू दिलं नाही, पाणी दुहेरी कापडातून किंवा बारीक जाळीतून गाळून प्यायला लावलं, विहिरींत सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस घातलं, हातपंप बसवले, आणि पायऱ्यांच्या विहिरी बांधून काढून त्यांवर रहाट लावले. रुग्ण कमी झाल्यावर खबर देणाऱ्याला बक्षीस ठेवलं. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणित केलं. आज आपण जुन्या बारवा स्वच्छ करतो, त्यांत दिवे लावून फोटो काढतो, आणि ते चांगलंच आहे. मात्र पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या बुजवणारे लोक त्या काळी वारशाचे शत्रू नव्हते, एवढं आठवावं. जगात १९८६ मध्ये नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. गेल्या काही वर्षांत वर्षाला पंधराच्या आसपास सापडतात, आणि शेवटची लढाई आफ्रिकेत चाडमधल्या कुत्र्यांशी चालू आहे, कारण आता नारू त्यांच्या अंगात शिरला आहे.

नारूची वाट एकच होती, पिण्याचं पाणी, आणि ते कापडाने गाळता येतं. बाकीच्यांची वाट संडासातून जाते, ती अधिक किचकट आहे. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून साध्या, स्वस्त संडासांचा पाठपुरावा केला, तेव्हा त्यांना खतही हवं होतं आणि भंगीमुक्तीही. गाडगेबाबांनी झाडू हातात घेतला. ग्रामस्वच्छता अभियानं झाली, हागणदारीमुक्तीचे फलक लागले, पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना पकडायला गुड मॉर्निंग पथकं फिरली, आणि २ ऑक्टोबर २०१९ ला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणाही झाली. संडास बांधले गेले, यात शंका नाही. पण बांधलेल्या संडासाच्या पोटात काय चालतं, याची चौकशी क्वचितच होते.

सरकारी आराखड्यात दोन खड्डे असतात, प्रत्येकी साधारण मीटरभर व्यासाचे, भिंतींना जाळीसारखी भोकं ठेवलेले. एक भरला की नळी दुसऱ्याकडे वळवायची आणि पहिला किमान वर्षभर, जमल्यास दीड वर्ष, झाकून सोडून द्यायचा. तेवढ्या काळात मैला कोरडा, काळसर, वासहीन खत होतो, आणि गोलकृमीची चिवट अंडीही बहुतांशी मरतात. लोकांना मात्र हा खड्डा लहान वाटतो. पाहुण्यासमोर भरला तर काय, या धास्तीने ते एकच भली मोठी टाकी बांधतात. ती भरली की उपसणारी गाडी येते, ओला मैला रात्री कुठल्यातरी ओढ्यात किंवा रानात रिकामा होतो, आणि सगळी अंडी, दर मादीमागे दररोज दोन लाखांपर्यंतच्या हिशेबाने साठलेली, पुन्हा मातीत पोचतात. ज्यांच्याकडे दोन खड्डे आहेत त्यांनी एक भरण्याच्या आधी दुसऱ्याचा चेंबर उघडून नळी मोकळी आहे का ते पाहून ठेवावं, वळवलेल्या दिवसाची तारीख झाकणावर रंगाने लिहावी, आणि ती तारीख उलटून वर्ष होईपर्यंत शेजाऱ्याने शेतासाठी खत मागितलं तरी झाकण उचलू नये.